दोन बैजिक राशी सममूल्य आहेत का? या प्रश्नाची पार्श्वभूमी

३(क्ष + २) − क्ष आणि २(क्ष + ३) या राशी दिसायला वेगळ्या आहेत, पण क्षच्या जागी कोणतीही संख्या घाला, दोन्हींचे उत्तर एकच येते. अशा राशी सममूल्य. ते ठरवायच्या वाटा दोन आहेत: कंस सोडवून दोन्ही राशी एकाच रूपात आणायच्या, किंवा किमती घालून ताडून पाहायचे. शाळेत पहिलीला रीत म्हणतात आणि दुसरीला नुसता ताळा. ताळ्यावर हा अन्याय आहे. तो किती पक्का असू शकतो हे मात्र समजायला बराच काळ जावा लागला.

सुरुवातीला दोन्ही वाटा नव्हत्या, चित्र होते. इ.स.पू. ३००च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या दुसऱ्या भागात, चौथ्या विधानात दाखवले की रेषाखंडाचे दोन तुकडे केले, तर पूर्ण रेषाखंडावरचा चौरस म्हणजे दोन तुकड्यांवरचे चौरस आणि त्या तुकड्यांचे दोन आयत. हेच आजचे (अ + ब)² = अ² + २अब + ब². पण चित्रात ऋण लांबी बसत नाही आणि चौथा घात काढता येत नाही.

आपल्याकडे आर्यभटाने ४९९ मध्ये, गणितपादाच्या २३व्या श्लोकात, अशीच नित्यसमानता (चलांच्या सर्व किमतींना खरी असणारी समानता) हिशेबाच्या रूपात दिली: बेरजेच्या वर्गातून वर्गांची बेरीज वजा करून निम्मे केले की दोन संख्यांचा गुणाकार मिळतो. ७ आणि ५ घेतले तर १४४ − ७४ = ७०, त्याचे निम्मे ३५.

रूप बदलण्याची शिस्त बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त स्पष्ट दिसते. अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे. लिहिताना या, का, नी, आणि सुट्या संख्येला रू. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. नियम असा की एका जातीच्या पदांचीच बेरीज-वजाबाकी करायची, वेगळ्या जातीची पदे वेगळी ठेवायची. पाठ्यपुस्तकातली ‘सजातीय पदे’ ती हीच. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडताना नसलेल्या पदाचीही जागा राखत: याव ० या ३ रू ६, म्हणजे वर्गाचे पद शून्य. दोन राशी ताडताना आजही ही मांडणी करावी. पद गळण्याची चूक तिथल्या तिथे दिसते.

युरोपात रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये बरोबरचे चिन्ह वापरले, १५९१ मध्ये व्हिएतने ज्ञात संख्यांनाही अक्षरे दिली. गंमत म्हणजे ज्या नियमांवर हे सगळे चालते त्यांतल्या क्रमनिरपेक्षतेला (अ + ब = ब + अ) आणि वितरणाला (अ(ब + क) = अब + अक) आजची नावे १८१४ मध्ये सर्व्ह्वा या फ्रेंच गणितज्ञाने दिली. तोवर शतकानुशतके लोक ते न बोलता वापरत होते.

या वाटेवर घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. −(क्ष − ४) सोडवताना दुसरे चिन्ह बदलायचे राहते. (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) आणि क्ष + ३ यांना सरसकट सममूल्य म्हणतात, पण क्ष = ३ असताना पहिल्या राशीला किंमतच नाही. √(क्ष²) म्हणजे क्ष असे लिहितात; क्ष = −५ घातले की उत्तर ५ येते.

आता ताळा. क्ष³ आणि क्ष या राशी −१, ० आणि १ या तिन्ही किमतींना जुळतात, तरी त्या सममूल्य नाहीत. सोप्या म्हणून ० आणि १ घेणारे इथेच फसतात. एक किंमत जुळली नाही तर निकाल लागला; जुळली तर काय, हे कोटीवर, म्हणजे चलाच्या सर्वांत मोठ्या घातांकावर ठरते. एका चलातल्या, ‘न’ या कोटीपर्यंतच्या दोन बहुपदी न + १ वेगळ्या किमतींना जुळल्या की त्या एकच, कारण त्यांची वजाबाकी शून्य नसेल तर तिला ‘न’पेक्षा जास्त मुळे (तिला शून्य करणाऱ्या किमती) असू शकत नाहीत. वर्गराशींना तीन किमती पुरतात, आणि ती पूर्ण सिद्धता असते.

चले अनेक असली की हे मोडते: ब = ० ठेवून अ कितीही बदला, अब शून्यच. कंस सोडवावेत, तर (अ + ब)सारखे, प्रत्येकात दोन नवी चले असलेले ३० कंस गुणल्यावर एक अब्जाहून जास्त पदे होतात. संगणकावर राशी हाताळू लागल्यावर ही अडचण खरोखर आडवी आली. १९७८ ते १९८० दरम्यान डीमिलो आणि लिप्टन, झिपेल, श्वार्ट्झ या संशोधकांनी उत्तर दिले: किमती यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, निवडा. एकूण कोटी (एका पदातल्या घातांकांची सर्वांत मोठी बेरीज) १० असेल आणि प्रत्येक चलाची किंमत १ ते १०००मधून निवडली, तर वेगळ्या बहुपदी चुकून जुळण्याची शक्यता फार तर १००त १. तीन वेळा स्वतंत्रपणे केले की १० लाखांत १. हिशेब पूर्णांकांतच करावा. संगणकाच्या नेहमीच्या, ठरावीक अंकच जपणाऱ्या अपूर्णांकी गणितात १०¹⁶ + १ − १०¹⁶ याचे उत्तर ० येते.

बहुपदींच्या पलीकडे मात्र भिंत आहे. साइन, घातांकी फल, केवलमूल्य, पाय (π) अशांपासून बनलेल्या राशी शून्याशी सममूल्य आहेत का, हे नेहमी अचूक सांगणारी एकच रीत असूच शकत नाही, असे रिचर्डसन या गणितज्ञाने १९६८ मध्ये सिद्ध केले.

बहुपदींसाठी यादृच्छिकता टाळून तितकीच वेगवान रीत मिळेल का, हा प्रश्न अजून उघडा आहे. एका खास बाबतीत ते साधले: कानपूरच्या आयआयटीत मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळ संख्या ओळखण्याची जी रीत दिली, तिच्या मुळाशी (क्ष + अ)च्या घाताची एक नित्यसमानता तपासणे आहे.