साम्बाल माताह आणि दाबू-दाबू: भाजलेल्या माशाशेजारच्या दोन वाट्या

बालीतली एका दिवसाची फेरी बहुतेकांची ठरलेली असते. सकाळी उबुदहून निघायचं, दक्षिणेला उलुवातूचं कड्यावरचं देऊळ पाहायचं आणि परतीच्या वाटेवर जिंबारानच्या किनाऱ्यावर मासे खायचे. टेबलं वाळूतच मांडलेली असतात. मागे नारळाच्या सोडणांचा विस्तव आणि त्यावर पोटातून उघडून पसरलेला मासा, ‘इकान बाकार’. इकान म्हणजे मासा, बाकार म्हणजे विस्तवावर भाजलेला.

आमच्या ताटासोबत दोन वाट्या आल्या. दोन्हींत चिरलेला कच्चा कांदा, लाल मिरचीच्या चकत्या, वर तेलाची चकाकी. एकाच चटणीच्या दोन वाट्या समजून आम्ही त्या सरळ एकत्र केल्या. त्याची हळहळ मला अजून वाटते, कारण त्यातली एक बालीची होती आणि दुसरी पार सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकावरच्या मानादोची.

बालीची ती साम्बाल माताह. साम्बाल म्हणजे तिखट चटणी, आणि बाली भाषेत ‘माताह’ म्हणजे कच्चं. छोटे लालसर कांदे (आपल्याकडे सांबारात घालतात तसे), लवंगी मिरचीसारखी बारीक तिखट मिरची आणि या चटणीचा प्राण म्हणजे गवती चहा. आपण गवती चहाचं पान उकळतो, त्यांना हवा असतो त्याचा बुंधा. बाहेरची चिवट आवरणं काढून आतला पांढरा कोवळा भाग कागदासारख्या पातळ चकत्यांत चिरतात. मकरूट (काफिर लाइम) या लिंबाच्या सुगंधी पानाची मधली शीर काढून पान केसासारखं बारीक कापतात. मग मीठ, लिंबू आणि भाजलेली ‘तरासी’. तरासी म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीला मीठ लावून, आंबवून केलेली वडी. ज्यांच्या घरी सुका जवळा भाजला जातो त्यांना हा वास लगेच ओळखीचा वाटेल. हे सगळं हाताने चुरायचं आणि त्यावर खोबरेल घालायचं, कुणी कच्चं, कुणी कडकडीत तापवून. खोबरेलाचं नाव काढलं की आपल्या घाटावरच्या माणसाला केस आठवतात, पण दक्षिण कोकणात आणि गोव्यात ते जेवणातही असतं, आणि माताहमध्ये त्याला पर्याय नाही. गवती चहाचा आणि पानाचा वास त्या तेलातच मुरतो.

मानादोची ती दाबू-दाबू. तिच्यात गवती चहा नाही, लिंबाचं पान नाही, आणि तरासीही सहसा नसते. तिथे राज्य टोमॅटोचं, लाल आणि हिरवा दोन्ही. सोबत कांदा, मिरची (मानादोत मिरचीला ‘रिचा’ म्हणतात), मीठ, कधी तुळशीच्या कुळातली केमांगीची पानं. वर ‘लेमोन चुई’ पिळतात. हे सुपारीएवढं लहान लिंबू असतं आणि त्याच्या आंबटपणात संत्र्याची छटा असते. शेवटी चमचाभर गरम तेल. पाहिल्यावर आपल्याला कचुंबर आठवतं, आणि ते फारसं चूक नाही.

म्हणजे तेल दोन्हींत आहे आणि कांदा-मिरचीही दोन्हींत. फरक ओळखायचा तो वाटी तिरकी करून. माताहच्या तळाशी तेल दिसतं, दाबू-दाबूच्या तळाशी पाणी: टोमॅटोचा आणि लिंबाचा आंबट रस. माझ्या मते खरा भेद इथेच आहे, आणि कुठल्या माशासोबत काय घ्यायचं हेही त्यावरच ठरतं. जिंबारानचा तांबोशी (काकाप मेराह) किंवा हेकरू (करापू) पांढऱ्या, कमी चरबीच्या मांसाचा. त्याला माताहचं सुगंधी तेल हवं. मानादोत विस्तवावर चढतो तो चाकालांग, म्हणजे कुपा, किंवा ट्यूनाचा जबडा. गडद मांसाचे, दाट चवीचे मासे. त्यांच्यावर तेल कशाला? तिथे तो आंबट रस जीभ पुन्हा मोकळी करतो. मानादोहून होडीने बुनाकेन बेटावर दिवसभरासाठी जाणाऱ्यांनी तर दाबू-दाबू चमचाभर न घेता रसासकट माशावर ओतून घ्यावी.

घरात कुणी शाकाहारी असेल किंवा कोळंबीची अॅलर्जी असेल, तर हा भेद चवीपुरता राहत नाही. माताह पाहून ‘कांद्याचीच तर चटणी’ म्हणत ती नुसत्या भाताला लावू नये. ‘तान्पा तरासी’, म्हणजे तरासीशिवाय, असं सांगितलं तर ताजी कालवून देतात. दाबू-दाबूबद्दलही एकदा विचारून घ्यावं.

आणखी एक, ताटाबाहेरचं. मासा वजनावर मिळतो आणि फळ्यावर बऱ्याचदा भाव ‘ओन्स’ला लिहिलेला असतो. इंडोनेशियात ओन्स म्हणजे 100 ग्रॅम. तो आकडा किलोचा समजून मोठा मासा निवडला, तर बिल दहापट येतं.

परतल्यावर दोन्ही घरी करून पाहिल्या. दाबू-दाबू सोपी. कागदी लिंबात संत्र्याचे दोन थेंब पिळले की लेमोन चुईच्या बरीच जवळ जाते, आणि भाजलेल्या बांगड्यावर ती इतकी शोभते की कोकणातलीच वाटावी. बांगडा तिकडेही आहे, ‘कम्बुंग’ नावाने. ही चटणी मात्र ताटं मांडल्यावरच चिरायची, कारण अर्ध्या तासात टोमॅटो पाणी सोडून मऊ पडतो. माताहला आपल्या कुंडीतल्या गवती चहाचे बुंधे चालतात, पण जाड आणि जुन्या गड्ड्याचे. बारीक काड्या चिरल्या तर दातांत कुसळं अडकतात. ती मात्र तासभर आधी कालवून ठेवली तर जास्त चांगली लागते, आणि दुसऱ्या दिवशी गरम भातावर घेतली तर मासाही लागत नाही.