अंगठ्याच्या मुळाशी गाठ: अंगठा वाकलाय की आखडलाय?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी टेंगूळ आलं, बुटात ते घासतं, चालताना दुखतं. एवढ्यावर बहुतेक जण स्वतःच निदान करून मोकळे होतात: ‘हाड वाढलंय, कापून टाकलं की झालं.’ या एका वर्णनात दोन अगदी वेगळे आजार बसतात. एक हॅलक्स व्हॅल्गस, ज्याच्या गाठीला बनियन म्हणतात. दुसरा हॅलक्स रिजिडस. पहिल्यात अंगठा वाकडा होतो, दुसऱ्यात तो आखडतो. सांधा एकच, गाठ दोन्हींत. पण ‘वाढलेलं हाड कापून टाकणं’ हा रिजिडसमध्ये चांगला प्रस्थापित उपचार आहे, आणि व्हॅल्गसमध्ये तेवढंच केलं तर बहुधा काही वर्षांत गाठ परत हजर.

हा फरक का पडतो हे कळायला गाठ कशाची बनली आहे ते बघावं लागतं.

अंगठ्यामागे पायाच्या मधल्या भागापर्यंत जाणारं एक लांब हाड असतं, पहिलं मेटाटार्सल. त्याचं गोल डोकं आणि अंगठ्याचं पहिलं हाड मिळून हा सांधा होतो. व्हॅल्गसमध्ये मेटाटार्सल हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं आणि अंगठा त्याच्या उलट, शेजारच्या बोटाकडे झुकतो. सांध्यापाशी कोपरा तयार होतो आणि त्या कोपऱ्यात मेटाटार्सलचं डोकं कातडीखालून बाहेर डोकावू लागतं. म्हणजे जी गाठ दिसते ती मुख्यतः नवीन हाडाची नसतेच; जुनंच हाड जागा सोडून गेलेलं असतं. त्यावर बुटाच्या घर्षणाने सुजलेली, द्रवाने भरलेली पिशवी चढते, म्हणून ती लाल आणि मोठी दिसते. हाड नुसतं सरकत नाही, स्वतःभोवती फिरतंही. अंगठ्याचं नख आकाशाकडे न बघता दुसऱ्या पायाकडे बघायला लागलं असेल तर ते याच फिरण्यामुळे.

रिजिडस हा मुळात झिजेचा आजार, गुडघ्याच्या संधिवातासारखाच, फक्त जागा वेगळी. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते आणि शरीर सांध्याच्या कडांना, विशेषतः वरच्या बाजूला, खरंखुरं नवं हाड चढवतं. अंगठा मात्र सरळच राहतो. ही वरची हाडाची कड पावलागणिक आडवी येते. अंगठा वर वाकायला गेला की ती समोरच्या हाडावर आदळते आणि हालचाल तिथेच अडते. दाराच्या भाषेत बोलायचं तर व्हॅल्गसमध्ये चौकटच तिरकी झाली आहे, रिजिडसमध्ये बिजागरी गंजली आहे.

घरच्या घरी काय बघता येतं

आधी गाठीची जागा. पावलाच्या आतल्या कडेला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या बाजूला असेल तर व्हॅल्गसची शक्यता जास्त. सांध्याच्या वर, बुटाच्या नाडीच्या बाजूला असेल तर रिजिडसची. जागा ही चांगली खूण आहे, पण माझ्या मते तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भर दिला जातो. खरी कसोटी हालचालीची.

बसून पाय सैल सोडा आणि हाताने अंगठा धरून वर, नडगीच्या दिशेने वाकवा. निरोगी सांधा साधारण 65 ते 75 अंश, कित्येकांत त्याहून जास्त, वर जातो. साधं चालताना पाऊल उचलण्याच्या क्षणी यातले 40 ते 60 अंश खर्ची पडतात. व्हॅल्गसमध्ये अंगठा कितीही वाकडा दिसो, सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात तो वर छान वाकतो. रिजिडसमध्ये थोडं वर गेलं की कडक अडथळा लागतो आणि नेमकं तिथेच कळ येते. दोन्ही पायांची तुलना करा. एकच अंगठा आखडलेला असेल तर फरक लगेच हाताला लागतो.

कळ कधी येते हेही बरंच सांगून जातं. चढ चढताना, चवड्यावर उभं राहून उंचावरची वस्तू काढताना, उकिडवं बसताना, पळताना, म्हणजे अंगठा वर वाकतो त्या प्रत्येक वेळी दुखत असेल तर रिजिडस. अनवाणी चाललं की बरं वाटतं आणि अरुंद बूट चढवला की जीव जातो, अशी तक्रार असेल तर व्हॅल्गस. रिजिडसच्या माणसाला अनवाणी चालणंही सुखाचं नसतं, कारण त्याचं दुखणं सांध्याच्या आत आहे. सुरुवातीला त्याला फक्त हालचालीच्या टोकाला दुखतं. झीज वाढली की मधल्या टप्प्यातही दुखतं, आणि अंगठा किंचित दाबून गोल फिरवला तर आत दळल्यासारखं जाणवतं. सर्जन तपासताना हे मुद्दाम करून बघतात, कारण पुढची शस्त्रक्रिया कोणती हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

एक कमी सांगितली जाणारी खूण म्हणजे घट्टे. व्हॅल्गसमध्ये अंगठा आपल्या वाट्याचा भार घेत नाही, तो भार दुसऱ्या बोटाच्या मुळाशी सरकतो आणि तिथे तळव्याला घट्टा पडतो. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलंही दिसू शकतं. रिजिडसमध्ये मुळाचा सांधा वाकत नसल्यामुळे अंगठ्याचा पुढचा छोटा सांधा जास्त वाकतो आणि घट्टा त्या छोट्या सांध्याखाली पडतो. शिवाय दुखरा सांधा वाचवायला माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवरून चालू लागतो. अशांचा जुना बूट बघा: पुढची सुरकुती आडवी न पडता तिरकी पडलेली असते. मग डॉक्टरांकडे येताना तक्रार ‘पायाची बाहेरची बाजू दुखते’ अशी असते आणि अंगठ्याचा उल्लेखही नसतो.

बूट बदलायचे, पण कोणते?

इथे दोन आजारांचे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि ऐकीव सल्ला अंगाशी येतो तो याच ठिकाणी. व्हॅल्गसला हवी रुंदी: पुढून प्रशस्त, मऊ कातडीचा, लवचीक बूट चालतो. तोच मऊ, सहज दुमडणारा बूट रिजिडसच्या पायात घातला तर प्रत्येक पावलाला सांधा वाकवला जातो आणि दुखणं वाढतं. रिजिडसला हवा कडक तळ, शक्यतो पुढे गोलसर वर उचललेला, ज्याला रॉकर सोल म्हणतात, म्हणजे पाऊल सांधा न वाकवता पुढे लोळतं. बुटात कार्बन फायबरची पातळ कडक पट्टी घालूनही हेच साधता येतं. वरच्या गाठीसाठी बुटाला रुंदीपेक्षा खोली हवी. उंच टाच दोघांनाही वाईट, पण कारणं वेगळी: व्हॅल्गसमध्ये ती पाऊल पुढे, निमुळत्या टोकात ढकलते, रिजिडसमध्ये ती सांधा सतत वर वाकलेला ठेवते.

बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे आणि रात्री बांधायचे पट्टे यांच्याविषयी स्पष्ट बोललेलं बरं. व्हॅल्गसमध्ये त्यांनी घासणं आणि दुखणं कमी होऊ शकतं. प्रौढ माणसाचा वाकलेला अंगठा त्यांनी कायमचा सरळ होत नाही, जाहिरातीत काहीही दाखवोत. रिजिडसमध्ये तर त्यांचं कामच नाही. तिथे वेदनाशामक गोळ्या आणि सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन काही काळ आराम देतात. झीज त्याने थांबत नाही.

बुटांवर सगळा दोष टाकायचाही मोह होतो. व्हॅल्गसमध्ये अरुंद बुटांचा वाटा आहेच, पण घराण्यात असणं, सैल सांधे, आमवातासारखे आजार यांचाही आहे, आणि तो स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. रिजिडसमध्ये कधी जुनी दुखापत आठवते, पुष्कळदा कारण सापडतच नाही.

एक्स-रे उभं राहूनच

झोपून काढलेला पायाचा एक्स-रे या कामाला अपुरा पडतो. वजन पडलं की हाडं पसरतात आणि खरा तिरकेपणा तेव्हाच दिसतो. व्हॅल्गसमध्ये दोन कोन मोजतात. अंगठा आणि मेटाटार्सल यांच्यातला कोन साधारण 15 अंशांपर्यंत ठीक. 40 च्या पुढे गेला की विकृती तीव्र. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधला कोन साधारण 9 अंशांपर्यंत ठीक. रिजिडसमध्ये कोनांना महत्त्व नाही. तिथे बाजूने काढलेल्या चित्रात वरची हाडाची चोच बघायची आणि दोन हाडांमधली फट किती उरली ते बघायचं. कॉफलिन आणि शर्नास यांनी 2003 मध्ये मांडलेली 0 ते 4 अशी प्रतवारी यासाठी खूप वापरली जाते. तिच्यात एक्स-रेइतकंच वजन हालचाल किती उरली आणि दुखतं कुठल्या टप्प्यात यालाही आहे.

शस्त्रक्रिया: एकीकडे दिशा, दुसरीकडे हालचाल

व्हॅल्गसमध्ये नुसती बाहेर आलेली बाजू तासली तर वाकडेपणा जिथल्या तिथे राहतो, ढकलणारी ताकदही तीच राहते. म्हणून खरं काम असतं हाड कापून जागेवर सरकवण्याचं, ऑस्टिओटॉमीचं. सौम्य ते मध्यम विकृतीत डोक्याजवळ इंग्रजी व्ही आकाराचा छेद घेऊन डोकं सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. याला शेव्हरॉन म्हणतात. जास्त दुरुस्ती हवी तर हाडाच्या दांड्यात लांब, झेड आकाराचा स्कार्फ छेद. अंगठ्याच्या हाडातच बाक उरला तर त्यातून छोटी पाचर काढतात, जिला 1925 पासून एकिन या सर्जनचं नाव आहे. तीव्र विकृतीत, किंवा मेटाटार्सलच्या मागच्या टोकाचा सांधा फार सैल असेल तेव्हा, तो मागचा सांधाच दुरुस्त स्थितीत पक्का जोडून टाकतात. ही लॅपिडस यांची पद्धत, 1934 ची. हल्ली बऱ्याच ठिकाणी हेच छेद बारीक भोकांतून, बर नावाच्या बारीक फिरत्या हत्याराने घेतले जातात. व्रण लहान राहतात, पण कापलेलं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागायचे ते लागतातच, आणि सूज सहा महिने किंवा त्याहून जास्त रेंगाळू शकते.

दुखत नाही, फक्त दिसायला बरं नाही, म्हणून ही शस्त्रक्रिया करून घेण्याला माझा विरोध आहे, आणि बहुतेक फूट सर्जनही नकोच म्हणतील. विकृती परत येणं, अंगठा उलट दिशेला जाणं, सांधा आखडणं, दुसऱ्या बोटाखाली नवं दुखणं, कातडीचा बधिरपणा, हे सगळे धोके खरे आहेत. न दुखणाऱ्या पायाला ते कशाला द्यायचे?

रिजिडसमध्ये सुरुवातीच्या आणि मधल्या अवस्थेत कायलेक्टॉमी करतात: वरची हाडाची कड आणि तिच्याबरोबर मेटाटार्सलच्या डोक्याचा वरचा सुमारे पाव ते 30 टक्के भाग काढतात. इथे वाढलेलं हाड हाच अडथळा आहे, त्यामुळे ते काढणं तर्काला धरून आहे. हाड कुठे जुळायचं नसल्यामुळे थोड्याच दिवसांत अंगठा हलवायला लावतात. तो व्यायाम टाळला तर मिळवलेली हालचाल व्रणात अडकून जाते. कूर्चा जवळपास संपली असेल तर मात्र कड काढून भागत नाही. तेव्हा भरवशाचा उपाय म्हणजे फ्यूजन: दोन्ही हाडांची टोकं साफ करून स्क्रू किंवा प्लेटने कायमची जोडणं.

‘सांधा बंद करणार’ हे ऐकून लोक घाबरतात. पण असा सांधा आधीच फारसा हलत नव्हता. गेली ती हालचाल नव्हे, वेदना. अंगठा जमिनीपासून किंचित उचललेल्या स्थितीत जोडतात, म्हणून चालणं सहज होतं आणि अनेक जण पळतातही. उंच टाचांना मात्र रामराम. दहातल्या नऊहून जास्त जणांत हाड नीट जुळतं. धूम्रपान चालू ठेवलं तर ती शक्यता कमी होते. कृत्रिम सांध्यांचं आकर्षण समजण्यासारखं आहे, पण गुडघ्या-खुब्यात मिळालेलं यश या छोट्या सांध्यात अजून मिळालेलं नाही. सिलिकॉनच्या सांध्यांचा चुरा होऊन आजूबाजूचं हाड पोखरलं जाण्याचा अनुभव जुना आहे.

निदानात गल्लत झाली तर किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. आखडलेल्या सांध्यावर व्हॅल्गससारखी ऑस्टिओटॉमी केली तर अंगठा एक्स-रेत देखणा दिसतो आणि पायात पूर्वीपेक्षा कडक होतो.

सांधा एका रात्रीत लाल, गरम आणि हातही लावू न देण्याइतका दुखरा झाला तर यातलं काहीच नसण्याची शक्यता मोठी. ते गाऊट असू शकतं किंवा जंतुसंसर्ग, आणि तिथे थांबायचं नसतं. मधुमेहात संवेदना कमी झाल्या असतील तर गाठीवरची न दुखणारी जखमही तातडीची समजायची. शस्त्रक्रिया कुठलीही ठरो, आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घेतला जातो तो याच काळजीपोटी.

दोन्ही आजार एकाच अंगठ्यात असू शकतात: वर्षानुवर्षं तिरक्या बसलेल्या सांध्याची कूर्चा झिजत जाते. अशा वेळी वाकडेपणा आणि झीज यांच्यासाठी दोन वेगळ्या शस्त्रक्रिया सहसा लागत नाहीत. मुळाचा सांधा सरळ करून जोडला की वेदना जाते, अंगठा सरळ राहतो, आणि पहिल्या दोन मेटाटार्सलमधला वाढलेला कोनही बऱ्याच जणांत आपोआप कमी होतो.