अंबरी सफरचंद : पेटी उघडण्याआधी थोडे वाचा

अंबरी पहिल्यांदाच घेणाऱ्यांचा आम्हाला नेहमीचा प्रश्न असतो, "हे पिकलंय ना नक्की?" पिकलेले आहे. अंबरी हा काश्मीरचा स्वतःचा, जुना वाण. पिवळसर-हिरवट सालीवर लाल रेघा आणि लाली, तीही सगळीकडे सारखी नाही. झाडावर ज्या बाजूला ऊन लागले ती बाजू जास्त रंगते. गडद लाल डेलिशस या सफरचंदाच्या वाणाची सवय झालेल्या डोळ्यांना ते कच्चे वाटते. शिवाय आम्ही फळाला चकाकीसाठी मेण लावत नाही. सालीवर बोटाला जाणवणारा बारीक थर फळाचा मूळचाच आहे.

म्हणून अंबरी आधी नाकाने पारखा. देठाजवळ वास घ्या. या वाणाची खरी ओळख रंगात नाही, सुगंधात आहे. गर पांढरा, करकरीत, रसाळ. गोडी ठळक, आंबटपणा अगदी कमी. आंबटगोड सफरचंद आवडणाऱ्यांना हे जरा जास्तच गोड वाटेल, तेव्हा आधी थोडेच घेऊन पाहा.

इतके चांगले फळ बाजारात सहसा का दिसत नाही? अंबरीचे झाड फळावर यायला बरीच वर्षे घेते. डेलिशस लवकर धरते, भरघोस देते आणि टोपलीत उठून दिसते. शोपियान, पुलवामा भागातल्या बागा तिकडे वळल्या त्या यामुळे, आणि त्यात बागायतदाराला दोष देता येत नाही. आता तर ठेंगण्या खुंटावरच्या (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे रोप) दाट लागवडीत झाडे दोन-तीन वर्षांतच फळ देऊ लागतात. अंबरीची जुनी, उंच झाडे ज्यांनी राखली त्यांच्याबद्दल आम्हाला म्हणूनच फार आदर आहे.

'लाल अंबरी' नावाने मिळते ते फळ वेगळे. काश्मीरमधल्या संशोधकांनी रेड डेलिशस आणि अंबरी यांच्या संकरातून तो वाण तयार केला. गोल्डन डेलिशसशी संकर करून 'सुनहरी' केला. दोन्ही फळे चांगली आहेत, पण या पेटीत आहे ते मूळ अंबरी.

बी कुंडीत लावू का, असेही विचारतात. रोप उगवेल, अंबरी मात्र होणार नाही, कारण बीमध्ये निम्मा वाटा परागकण देणाऱ्या दुसऱ्या झाडाचा असतो. अंबरी वाढते ती फक्त कलमाने, आणि तिला कडक हिवाळा लागतो.

आता साठवण. अंबरी उशिरा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात उतरते आणि टिकाऊ असते. शीतगृहे नव्हती तेव्हा काश्मिरी घरांत ती हिवाळ्यात नुसती ठेवून खाल्ली जाई. आपल्या स्वयंपाकघरात तेवढी थंडी नसते, म्हणून फळे न धुता, छिद्रे असलेल्या पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो. त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते, गाजर कडवट होते. त्यांना दूर ठेवा. मार लागलेले फळ दिसले की ते आधी संपवा, नाहीतर शेजारची खराब होतात. आणि खाण्याआधी अर्धा तास फळ बाहेर काढून ठेवा. गार फळाला वास येत नाही, मग अंबरी घेतल्याचा उपयोग काय?