आपले फोटो ऑनलाइन कुठे विकायला ठेवावेत?

आमच्या फोटो लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रिंट न्यायला आलेले ग्राहक हल्ली काउंटरवर हमखास विचारतात, "हार्ड डिस्कवर एवढे फोटो पडून आहेत, ते स्टॉक साइटवर टाकले तर पैसे मिळतात का?" स्टॉक साइट म्हणजे फोटो वापरण्याचे परवाने विकणारी साइट. तिथे पैसे मिळतात. मात्र सुरुवातीला थोडे आणि उशिरा मिळतात. पुढचा प्रश्न बहुतेक वेळा "सगळ्यात जास्त कमिशन कोण देतं?" असा असतो. आमच्या मते आधी आपल्या फोटोंमध्ये काय आहे ते पाहावे आणि मग साइट ठरवावी.

फोटोंचे दोन ढीग करा

पहिला ढीग व्यावसायिक वापराच्या फोटोंचा. हे फोटो जाहिरातीत, पाकिटावर, बँकेच्या पत्रकावर छापले जाऊ शकतात. त्यात ओळखू येणारा चेहरा असेल, तर त्या व्यक्तीची सही असलेले संमतिपत्र, म्हणजे मॉडेल रिलीज, लागते. मूल असेल तर आई-वडिलांची सही लागते. दुकानाची पाटी, कंपनीचा लोगो, टी-शर्टवरचे चिन्ह दिसत असेल तर फोटो परत येतो.

दुसरा ढीग एडिटोरियल फोटोंचा. हे फोटो बातमी, लेख किंवा पाठ्यपुस्तकासाठी असतात. दिवे घाटातली वारी, दहीहंडीचे थर, विसर्जन मिरवणूक, बैलगाडा शर्यत हे सगळे यात येते. इथे संमतिपत्र लागत नाही, पण हे फोटो जाहिरातीसाठी विकता येत नाहीत. त्यात खाडाखोडही चालत नाही. आकाशातली विजेची तार पुसली, तर तो फोटो एडिटोरियल म्हणून बाद होतो. मंडळाची गणेशमूर्ती ही मूर्तिकाराची कलाकृती असते, म्हणून तिचे फोटोही याच ढिगात ठेवावेत असे आम्ही सुचवतो.

महाराष्ट्रातल्या हौशी छायाचित्रकाराकडे दुसरा ढीग बहुधा पहिल्यापेक्षा बराच मोठा असतो. त्यामुळे साइट निवडताना हाच ढीग निर्णायक ठरतो.

कोणती साइट कशासाठी

ॲडोबी स्टॉक. ही मूळची फोटोलिया. ॲडोबीने ती २०१५ मध्ये विकत घेतली. फोटोच्या विक्रीतला ३३ टक्के वाटा तुमचा. वर्गणीदार ग्राहकाने फोटो घेतला तर सुरुवातीच्या पायरीवर निदान ३३ सेंट मिळतात आणि २५ डॉलर जमले की पैसे काढता येतात. म्हणजे सगळी विक्री तळाच्या दरानेच झाली, तर पहिल्या रकमेसाठी ७६ विक्रींची वाट पाहावी लागेल. खाद्यपदार्थ, शेती, घरातले प्रसंग, संमतिपत्रासह माणसे यांसाठी ही चांगली जागा. पण वारीतल्या चेहऱ्यांना इथे जागा नाही, कारण एडिटोरियलच्या नावाखाली ही साइट मुख्यतः वस्तू आणि ब्रँडचे फोटो घेते, ओळखू येणारी माणसे घेत नाही.

शटरस्टॉक. २००३ पासूनची, न्यूयॉर्कची कंपनी. इथे दोन्ही ढीग चालतात. एडिटोरियल फोटोच्या मथळ्यात शहर, देश आणि तारीख आधी द्यावी लागते. अडचण दराची आहे. जून २०२० पासून वाटा १५ ते ४० टक्क्यांच्या सहा पायऱ्यांत मोजला जातो. वर्षातल्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत १५ टक्के, २५० पर्यंत २० टक्के, असे करत ४० टक्क्यांसाठी २५,००० च्या पुढे जावे लागते. आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. एका फोटोमागे १० सेंटही हाती पडू शकतात. ज्यांच्याकडे हजारो फोटो आहेत आणि जे दर महिन्याला भर घालतात त्यांनाच ही पद्धत परवडते. दोन-तीनशे फोटोंच्या मालकाला जानेवारीचा फटका दरवर्षी बसतो, हे आधी लक्षात घेऊनच इथे यावे.

अलामी. ब्रिटनची साइट. २०२० पासून पीए मीडिया ग्रुप या तिथल्या बातम्या पुरवणाऱ्या कंपनीकडे आहे. वारी, जत्रा, आठवडी बाजार, जुने वाडे, गल्लीतले व्यवसाय यांसाठी आम्ही आधी हिचेच नाव घेतो. चेहऱ्यांचे संमतिपत्र नसेल तर "नाही" असे स्पष्ट नोंदवायचे, फोटो घेतला जातो. एकेका विक्रीची किंमत वर्गणीवाल्या साइटपेक्षा बरीच जास्त असते, पण विक्री क्वचित होते. ठरावीक फोटो फक्त अलामीवर ठेवले तर वाटा ५० टक्क्यांपर्यंत, इतरत्रही ठेवले तर ४० टक्के. वर्षाची एकूण विक्री २५० डॉलरच्या खाली राहिली तर मात्र २० टक्केच. पैसे काढायला ५० डॉलर जमावे लागतात. सुरुवातीला तीन फोटो तपासणीला द्यायचे असतात आणि एकात दोष निघाला तर तिन्ही परत येतात. ते तीन जपून निवडा.

आयस्टॉक. ही २००६ पासून गेटी या मोठ्या फोटो कंपनीच्या मालकीची. फोटो इतरत्रही ठेवणाऱ्याला १५ टक्के देते आणि १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. फक्त आमच्याकडेच ठेवा, जास्त टक्के देतो, असा करारही तिथे आहे. पहिल्या वर्षी तो करू नका. कोणते फोटो कुठे खपतात हे कळायच्या आत हात बांधून घेण्यात अर्थ नाही. शिवाय गेटी आणि शटरस्टॉक यांनी जानेवारी २०२५ मध्ये एकत्र येण्याचे जाहीर केले होते, त्यामुळे पुढे अटी बदलण्याची शक्यता धरून चाला.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या फुकट साइट. जो फोटो विकायचा आहे तो इथे कधीही टाकू नये. एकदा दिलेला परवाना डाउनलोड करणाऱ्यांकडून परत घेता येत नाही.

सुरुवात करणाऱ्यांना आम्ही सांगतो ते एवढेच: पहिला ढीग ॲडोबीवर, दुसरा अलामीवर. सहा महिन्यांनी हिशोब पाहा आणि मग शटरस्टॉकचा विचार करा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही विचारणा होते. ॲडोबीने २०२३ मध्ये आणलेले फायरफ्लाय हे चित्रे तयार करणारे साधन ॲडोबी स्टॉकवरच्या फोटोंवर शिकवलेले आहे आणि त्यातून आपले फोटो बाजूला काढण्याची सोय तिथे नाही. शटरस्टॉकवर तशी सोय खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. कुणाला हा मुद्दा महत्त्वाचा वाटत असेल तर साइट ठरवण्याआधीच तो तपासावा.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी हे नक्की वाचा

भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या, १९५७ च्या, कलम १७ नुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे नवरीच्या मेंदीचा सुंदर फोटो तुम्ही काढला असला तरी तो स्टॉकवर टाकण्याचा हक्क तुमचा नाही. चेहरा दिसत नाही म्हणून चालेल, असेही नाही. असे फोटो विकायचे असतील तर ऑर्डर घेतानाच लेखी अट घाला आणि कुटुंबाला ती नीट समजावून सांगा. स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोला ही अडचण येत नाही.

फोटो आणि शब्द

ॲडोबी आणि शटरस्टॉकवर निदान ४ मेगापिक्सेलचा जेपेग लागतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो उपयोगाचा नाही, मूळ फाइल हवी. मोबाइलवर काढलेला चालतो, पण १०० टक्के मोठा करून सावलीतले दाणे पाहा. कीवर्ड, म्हणजे फोटो शोधण्यासाठीचे शब्द, इंग्रजीत द्यायचे. ॲडोबीवर पहिल्या दहांना जास्त वजन असते, म्हणून "अन्न", "भारत" असे ढोबळ शब्द पुढे न ठेवता पदार्थाचे नाव पुढे ठेवा. पुरणपोळीसारखे नाव इंग्रजीत जोडून आणि तोडून, दोन्ही प्रकारे लिहा, कारण शोधणारे दोन्ही प्रकारे शोधतात.

पैसे आणि कर

खाते उघडताना अमेरिकन साइट डब्ल्यू-८बेन हा, आपण परदेशी करदाते आहोत असे सांगणारा, फॉर्म भरून घेतात. तो टाळू नका. न भरल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो. भरला आणि पॅन क्रमांक दिला तर भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो. पैसे पेपाल किंवा पेओनियर या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवांमार्फत येतात. खात्यावरचे नाव पॅन आणि बँकेच्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. ही कमाई भारतातल्या विवरणपत्रात दाखवायची असते. तिकडे कापलेल्या कराचे क्रेडिट मिळण्यासाठी आपल्या सीएंना कागद वेळेत द्या.

संमतिपत्र घेताना

साइटचे फॉर्म इंग्रजीत असतात. शेतातल्या आजींची किंवा बाजारातल्या भाजीवाल्या मावशींची सही घेण्याआधी त्यात काय लिहिले आहे ते मराठीत सांगा. त्यांचा चेहरा परदेशातल्या एखाद्या विम्याच्या किंवा औषधाच्या जाहिरातीत दिसू शकतो आणि त्यावर आपले नियंत्रण राहणार नाही, हेही सांगा. हे ऐकून कुणी नको म्हटले तर त्या फोटोची घरी लावायला एक प्रिंट काढून द्या आणि तो साइटवर टाकू नका.

संमतिपत्राचे कोरे छापील फॉर्म आणि त्यातल्या मजकुराचा मराठी अर्थ काउंटरवर विनामूल्य मिळेल. अलामीच्या तपासणीला पाठवायचे तीन फोटो पेनड्राइव्हवर आणले, तर मोठ्या पडद्यावर तुमच्यासोबत बसून पाहू.