पार्श्वभूमी : न्यूयॉर्कच्या चाळी आणि जेकब रीस यांचा कॅमेरा

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये स्थलांतरित कसे राहतात हे १८८० च्या दशकात कुणाला ठाऊक नव्हतं, असं नाही. आरोग्य खात्याचे अहवाल होते, वर्तमानपत्रांत मजकूर येत होता. पोलिस वार्ताहर जेकब रीस वर्षानुवर्षं त्याबद्दल लिहीत होते. पण चाळींतल्या आतल्या खोल्यांना खिडकीच नसे. भर दुपारीही तिथे काळोख, मग फोटो निघणार कसा?

रीस स्वतः १८७० मध्ये, एकविसाव्या वर्षी, डेन्मार्कहून आलेले. सुतारकामाच्या शोधात ते वणवण हिंडले, पोलिस ठाण्यांतल्या बेघरांच्या निवाऱ्यात झोपले. तिथली दुर्गंधी त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

१८८७ मध्ये त्यांनी बातमी वाचली : जर्मनीत मॅग्नेशियमची क्षणात भडकणारी पूड तयार झाली आहे, तिच्या उजेडात अंधारातही फोटो काढता येतो. आरोग्य खात्यातले डॉ. जॉन नेगल आणि काही हौशी छायाचित्रकारांना घेऊन ते रात्री-अपरात्री चाळींत शिरू लागले. आधी ही पूड पिस्तुलासारख्या साधनातून उडवत, तेव्हा लोक भेदरून पळत. मग ती तव्यावर पेटवू लागले. एकदा तर खोलीलाच आग लागली.

बेयर्ड स्ट्रीटवरच्या एका खोलीची लांबी-रुंदी तेरा फूटसुद्धा नव्हती. तिथे बारा स्त्री-पुरुष झोपलेले. एका जागेचं रात्रीचं भाडं पाच सेंट. त्या फोटोतले डोळे झोपेतून दचकून उघडलेले आहेत. त्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती, आणि माझ्या मते हे या कामाचं मोठं न्यून आहे. रीस यांच्या लेखनात चिनी, इटालियन, ज्यू लोकांबद्दलचे पूर्वग्रहही उघड दिसतात.

तरीही परिणाम झाला. १८८८ पासून ते मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या दिव्यावर, ही चित्रं दाखवत व्याख्यानं देऊ लागले, १८९० मध्ये पुस्तक आलं. मलबेरी बेंड ही शहरातली दाटीवाटीची गरीब वस्ती पाडून तिथे उद्यान झालं. पोलिस आयुक्त थिओडोर रूझवेल्ट यांनी १८९६ मध्ये ठाण्यांतले निवारे बंद केले. १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी सक्तीची केली.

रीस १९१४ मध्ये वारले. काचेच्या निगेटिव्ह घराच्या माळ्यावर धूळ खात राहिल्या. अलेक्झांडर अलँड या छायाचित्रकाराने पाठपुरावा करून त्या मिळवल्या, आणि १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या शहर-संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं.