बारा दिवसांचा हिशोब: बेसबॉल संघांच्या निवडीमागची पार्श्वभूमी

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम तोंडावर आला की दर मार्चमध्ये एक वाद हमखास पेटतो. सराव सामन्यांत सगळ्यांत चांगला खेळलेला तरुण खेळाडू पहिल्या दिवसाच्या संघात का नाही? संघाचं उत्तर ठरलेलं असतं. त्याचं क्षेत्ररक्षण अजून कच्चं आहे, घाई करायला नको, मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, आणखी थोडे दिवस खेळू दे. कधीकधी ते खरंही असतं. पण गेल्या दशकभरात गाजलेल्या प्रकरणांत ते कोणालाच पटलं नाही, कारण कॅलेंडर काढून दिवस मोजले की निर्णयाचं कारण दिसत होतं.

मेजर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च स्पर्धेतला, खेळाडू सहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय मोकळा होत नाही, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करू शकत नाही. पहिली तीन वर्षं पगार जवळजवळ संघाच्या मर्जीवर असतो. पुढे लवादाकडे जाऊन तो वाढवून घेता येतो. सेवेचं, म्हणजे मेजर लीगच्या संघात राहण्याचं, एक वर्ष १७२ दिवसांचं धरतात आणि हंगाम त्याहून थोडा लांब असतो. त्यामुळे गुणी खेळाडूला सुरुवातीचे दोन आठवडे खाली ठेवलं की त्याचं ते वर्ष अपुरं राहतं आणि संघाला त्याच्यावरचा हक्क आणखी एक हंगाम मिळतो. आयपीएलच्या लिलावात दर तीन-चार वर्षांनी संघ विस्कटून पुन्हा जुळताना पाहणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, पण इथे सगळा डोलारा या मोजणीवर उभा आहे.

ही अट आली ती जुन्या, याहून कडक बंधनाच्या जागी. १८७९ पासून मालकांनी आपसांत ठरवून खेळाडू राखून ठेवायला सुरुवात केली, आणि पुढे जवळपास शतकभर खेळाडू संघाच्या मालकीचाच राहिला. सेंट लुइसच्या एका नामवंत खेळाडूने १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला जायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७२ मध्ये तो हरला. अखेर १९७५ च्या डिसेंबरात दोन पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) तक्रारीवर लवादाने निकाल दिला आणि ती साखळी तुटली. १९७६ च्या करारात सहा वर्षांची मर्यादा ठरली. ती फक्त मालकांनी लादली असं नाही. दरवर्षी शेकडो खेळाडू एकदम बाजारात उतरले तर भाव कोसळेल, हे खेळाडूंच्या संघटनेच्या धुरिणांनीही ओळखलं होतं. पण सहा वर्षं कोणत्या दिवसापासून मोजायची हे संघाच्या हाती राहिलं, आणि पुढच्या साऱ्या भांडणाचं बी तिथेच पडलं.

ते उघड्यावर आलं शिकागोत, २०१५ मध्ये. तिथल्या कब्ज संघाने दोन वर्षांपूर्वी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला, तिसऱ्या बेसवर खेळणारा एक तरुण. आदल्या वर्षी मायनर लीगमध्ये त्याने ४३ होम रन मारले होते. मार्चच्या सराव सामन्यांत ९ मारले, तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त, आणि फलंदाजीची सरासरी होती .४२५. तरीही ३० मार्चला त्याला खाली पाठवलं. कारण सांगितलं क्षेत्ररक्षणाचं. खेळाडूंच्या संघटनेने त्याच दिवशी पत्रक काढून हा बेसबॉलसाठी वाईट दिवस असल्याचं म्हटलं.

हंगाम ५ एप्रिलला सुरू झाला. तो १८३ दिवसांचा होता. १७ एप्रिलला, तिसऱ्या बेसवरचे दोघे जायबंदी झाल्याचं सांगून, त्याला कब्जच्या रिगली फील्ड मैदानावर उतरवलं. बारा दिवस गेले होते. वर्षाअखेर त्याच्या खात्यावर १७१ दिवस जमले. एक दिवस कमी. त्या एका दिवसामुळे तो २०२० ऐवजी २०२१ च्या हंगामानंतर मोकळा होणार होता.

पहिल्या सामन्यात तो तीनदा स्ट्राइकआउट (चेंडू न मारता आल्याने बाद) झाला, एकही हिट मारला नाही, आणि खाली ठेवलं ते योग्यच होतं असं म्हणणाऱ्यांना एक दिवसाचा आधार मिळाला. वर्ष संपलं तेव्हा तो मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित होता, तोही एकमताने. पुढच्या वर्षी त्याच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९०८ नंतर पहिल्यांदा कब्जने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली.

त्याच्या वतीने २०१५ च्या अखेरीस तक्रार दाखल झाली. निकाल यायला २०२० चा जानेवारी उजाडला आणि तो संघाच्या बाजूने लागला. संघाच्या मनात काय होतं हे कागदावर सिद्ध करणं अवघड होतं. क्षेत्ररक्षण सुधारायला हवं होतं हे खोटं नव्हतं, दुखापतीही खऱ्या होत्या. माझ्या मते या निकालाने सगळ्यांत मोठं नुकसान केलं ते इथे: सबब सांगता आली की पुरे, हा धडा इतर संघांना मिळाला. कब्जचे समर्थक अजूनही म्हणतात की व्यवस्थापनाने नियमाच्या चौकटीतच काम केलं, कोणत्याही संघाने तेच केलं असतं. म्हणणं बरोबर आहे. पण बारा दिवसांच्या बदल्यात मिळवलेला तो जादा हंगामही पूर्ण वापरला नाही. जुलै २०२१ मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण तो उपाशी मेला असा समज करून देणं चुकीचं ठरेल. २०१७ मध्ये त्याला १० लाख ५० हजार डॉलर मिळाले, सेवेची दोन वर्षंही न भरलेल्या खेळाडूसाठी तेव्हाचा विक्रम. लवादाचा हक्क पहिल्यांदा मिळाल्यावर, २०१८ मध्ये, आकडा १ कोटी ८ लाख ५० हजारांवर गेला. ही उडीच सांगते की त्याआधीची वर्षं संघाला किती स्वस्तात पडली होती.

२०२१ च्या फेब्रुवारीत मात्र सबबीचा पडदाच उरला नाही. सिएटलच्या संघाचा अध्यक्ष एका रोटरी क्लबशी व्हिडिओवर बोलत होता. त्यात त्याने सांगून टाकलं की दीर्घ कराराला नकार देणाऱ्या एका तरुण खेळाडूला हंगामाच्या सुरुवातीला वर आणणार नाही. परदेशी खेळाडूंच्या इंग्रजीवरही तो घसरला. चित्रफीत बाहेर आल्यावर त्याला पद सोडावं लागलं. वर्षानुवर्षं जे नुसतं कुजबुजलं जात होतं, ते एका जबाबदार माणसाच्या तोंडून रेकॉर्ड झालं. त्या खेळाडूला अखेर मेमध्येच बोलावलं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मालकांनी टाळेबंदी केली. ती ९९ दिवस चालली आणि मार्च २०२२ मध्ये नवा करार झाला. आता सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला, तो कधीही वर आला असला तरी, पूर्ण वर्षाची सेवा मिळते. होतकरू खेळाडूला सुरुवातीपासून खेळवलं आणि त्याने मोठा पुरस्कार जिंकला तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. मोसमात कोणाला पाचपेक्षा जास्त वेळा खाली धाडता येत नाही, नाहीतर राखीव पिचर दर आठवड्याला वर-खाली हेलकावे खात असत.

परिणाम लगेच दिसला. सिएटलने २०२२ मध्ये आपल्या नव्या सेंटर फील्डरला पहिल्याच दिवशी उतरवलं, तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि संघाला ती जादा निवड मिळाली. बाल्टिमोरचा कॅचर मे उजाडल्यावर आला, मतदानात दुसरा ठरला आणि उशीर होऊनही त्याचं वर्ष पूर्ण मोजलं गेलं. पिट्सबर्गने २०२४ मध्ये आपल्या पिचरला ११ मेला बोलावलं. त्यानेही पुरस्कार मिळवला आणि उशिराचा फायदा संघाच्या हातून गेला. पण हे सगळे अव्वल खेळाडू आहेत. मतदानात तिसरा किंवा दहावा येणाऱ्याला जुनाच हिशोब लागू आहे, आणि अशांचीच संख्या जास्त.

दुसरी वाट संघांनी स्वतःच काढली आहे: पदार्पणाआधीच दीर्घ करार. मिलवॉकीने डिसेंबर २०२३ मध्ये एकही मेजर लीग सामना न खेळलेल्या आउटफिल्डरशी आठ वर्षांचा, ८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला आणि विसाव्या वर्षी त्याला पहिल्या दिवशी मैदानात उतरवलं. करार झाला की क्षेत्ररक्षणाचा कच्चेपणा आड येत नाही, हे पाहण्यासारखं आहे.

सहा वर्षांची अट मात्र १९७६ मध्ये होती तिथेच आहे. काही खेळाडूंना वयानुसार लवकर मोकळीक मिळावी ही मागणी संघटनेने टाळेबंदीच्या वाटाघाटींत मांडली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये मागे घेतली. सध्याच्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे.