दोन दिवसांत मिटणारी वाट

पोटातल्या बाळाची फुफ्फुसं कामाला लागलेली नसतात. त्यामुळे त्यांच्याकडे निघालेलं बरंचसं रक्त फुफ्फुसधमनीतून एका आखूड नळीवाटे थेट महाधमनीत जातं. जन्मानंतर पहिला टाहो फोडला की फुफ्फुसं फुलतात आणि ही नळी बहुधा दोन-तीन दिवसांत आक्रसून मिटते. बालहृदयशस्त्रक्रियेची सुरुवातच या नळीपासून झाली. बोस्टनमध्ये शल्यविशारद रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली ७ वर्षांच्या एका मुलीची मिटायची राहून गेलेली नळी बांधून टाकली.

बाल्टिमोरच्या बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांच्याकडे मात्र निळी पडणारी बाळं येत. त्यांच्या फुफ्फुसांकडे जाणारी वाट जन्मतःच अरुंद असायची. टॉसिग यांच्या लक्षात आलं, की नळी उघडी असेपर्यंत यातली काही बाळं तग धरतात आणि ती मिटली की खालावतात. मग अशी नळी आपणच का तयार करू नये? २९ नोव्हेंबर १९४४ रोजी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी हाताकडे जाणारी धमनी एका तान्ह्या मुलीच्या फुफ्फुसधमनीला जोडली. त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून सूचना देत होते प्रयोगशाळेतले कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस. कुत्र्यांवर ही जोडणी करून करून त्यांचाच हात तिच्यावर बसलेला होता. तरीही कित्येक वर्षं शस्त्रक्रियेला नाव राहिलं ते फक्त ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचं. हा अन्याय फार उशिरा दूर झाला.

काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असते. अशुद्ध रक्त शरीरात फिरत राहतं, शुद्ध रक्त पुन्हा फुफ्फुसांत. दोन्ही रक्तं मिसळायला एखादी वाट उघडी असेल तरच बाळ जगतं. म्हणून प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देऊन ती नळी मिटू देत नाहीत. त्यातून मिळतो थोडासा अवधी. १९७५ मध्ये ब्राझीलचे अदीब जातेने यांनी दोन्ही धमन्या कापून आपापल्या जागी बसवून दाखवल्या. यातलं खरं अवघड काम पुढचं: हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या धमन्या अलगद सोडवून नव्या जागी शिवायच्या. एखादीला पीळ पडला तरी हृदयाचा तेवढा भाग उपाशी राहतो. तोवर हृदय थांबवलेलं असतं आणि यंत्र रक्त फिरवत असतं. ३ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं पाव लिटरच्या आसपास. यंत्राच्या नळ्या भरायलाही जवळपास तेवढंच लागू शकतं, म्हणून त्या शक्य तितक्या आखूड ठेवतात.

ही शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उरकतात. हृदयाचा डावा कप्पा चुकीच्या धमनीला जोडलेला असल्याने त्याला फुफ्फुसांपुरताच जोर लावावा लागतो आणि त्याचा स्नायू पातळ होत जातो. उशीर झाला, तर साऱ्या शरीराचा भार अचानक अंगावर आल्यावर तो थकतो. सगळ्याच दोषांना अशी घाई नसते. कप्प्यांमधल्या पडद्यातलं लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं. मोठं असेल तर काही महिन्यांत ठिगळ लावून बंद करतात.

दूध पिताना दमणं, घाम येणं, वजन न वाढणं, जीभ निळसर दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावं. काही दोष मात्र सुरुवातीला डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यासाठी जन्मानंतर साधारण २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला चिमट्यासारखा संवेदक लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. उजव्या हाताला रक्त जातं ते त्या नळीच्या आधी, पायाला नंतर. दोन आकड्यांत ३ टक्क्यांहून जास्त फरक पडला, की तपासणी पुन्हा करतात आणि तो टिकला तर हृदयाची सोनोग्राफी.